गायरानावरचं गोल्फ : सेंट अँड्र्यूजचे सहा दिवस

नाशकात ज्या मैदानाला सगळे 'गोल्फ क्लब' म्हणतात, त्याच्या आसपास माझं लहानपण गेलं. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे मी रणजीचे सामने बघितले, निवडणुकीच्या सभा ऐकल्या, सायकल शिकले. गोल्फ तेवढं कधी दिसलं नाही. ते दिसलं एकदम चाळिशीत, पुण्यात येरवड्याला. आता वय चोपन्न, हँडिकॅप (फेरीला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) एकतीस, म्हणजे बेताचीच खेळाडू. धाकटा भाऊ एडिंबरात नोकरीला आहे, तो माझ्यापेक्षा बरा खेळतो. 'ताई, एकदा सेंट अँड्र्यूज करून टाकू,' असं तो सहा वर्षं म्हणत होता. स्कॉटलंडमधलं हे गाव म्हणजे गोल्फवाल्यांची काशी, आणि आमच्या आजीचं काशीला जायचंही असंच चाललं होतं. यंदा मे महिन्यात निघालेच.

शुक्रवार

एडिंबराच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला आणि माझी गोल्फची पिशवी काही आली नाही. ही पिशवी साधारण सहावीतल्या मुलाएवढी असते. ती हरवायला खास कौशल्य लागतं. विमान कंपनीच्या माणसाने फॉर्म भरून घेतला आणि 'दोन दिवसांत घरपोच' म्हणाला. भावाने माझा चेहरा बघितला आणि गाडी घराकडे न नेता थेट मसलबराला नेली.

मसलबरा हे एडिंबराच्या पूर्वेचं किनाऱ्यावरचं गाव. तिथलं जुनं नऊ होलांचं (होल म्हणजे एका भोकापर्यंतचा खेळाचा टप्पा) मैदान चक्क घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या पोटात आहे. १६७२ साली इथे गोल्फ झाल्याची नोंद आहे आणि १८७४ ते १८८९ या काळात सहा वेळा ओपन, म्हणजे ब्रिटनची मानाची गोल्फ स्पर्धा, झाली. आता शर्यतीचे पांढरे कठडे मध्येच आडवे येतात. इथे जुन्या धाटणीचे, हिकरीच्या लाकडी दांड्यांचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, भाड्याने मिळतात. माझ्याकडे नाहीतरी काहीच नव्हतं, मग तेच घेतले. नीट बसला तर फटका हाताला कळतही नाही. चुकला की कोपरापर्यंत झिणझिण्या.

मला मात्र इथली एक गोष्ट खेळापेक्षा जास्त आवडली. १८१० साली इथल्या क्लबने ठराव केला, की गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांपैकी जी उत्तम गोल्फ खेळेल तिला बक्षीस द्यायचं. बक्षीस काय, तर मासळीची नवी टोपली आणि वर बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. म्हणजे कोळिणी खेळत होत्या, आणि क्लबातल्या साहेबांनी दखल घ्यावी इतकं बरं खेळत होत्या. येरवड्यात आमच्यातल्या बायकांना ही टोपलीची गोष्ट सांगितली पाहिजे, असं मनात आलं.

शनिवार

सकाळची गाडी फोर्थच्या खाडीवरच्या तांबड्या पुलावरून गेली. १८९०चा हा पूल फोटोत कितीही वेळा बघितलेला असो, डोक्यावरून ते लोखंड सरकायला लागलं की माणूस गप्प होतो. सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही. होती, ती १९६९ला बंद झाली. लूकर्सला उतरून बस पकडायची.

गाडीतच भावाने मोबाईलवर बॅलट भरला. ओल्ड कोर्स म्हणजे सेंट अँड्र्यूजचं ते प्रसिद्ध जुनं मैदान. तिथे खेळण्याच्या काही वेळा सोडतीने मिळतात. कमीत कमी दोघं, जास्तीत जास्त चौघं. नावं आणि हँडिकॅप टाकायचे, खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत. शनिवारी भरलं ते सोमवारसाठी, कारण रविवारी हा कोर्स बंद असतो. शुल्क तीनशे पौंडांच्या वर, त्याचा रुपयांत हिशोब करायचा नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हाडाच्या सोडतीत दोनदा नाव न लागलेली मी. मला फार आशा नव्हती. संध्याकाळी यादी आली. नाव नव्हतं.

मधल्या वेळात आम्ही हिमालयात जाऊन आलो. थट्टा नाही. ओल्ड कोर्सला लागूनच हिरवळीचा एक तुकडा आहे. उंचवटे, खळगे, घड्याच घड्या, आणि त्याचं नावच 'हिमालयाज'. १८६७ साली इथे बायकांचा पटिंग क्लब निघाला. पटिंग म्हणजे हिरवळीवरून चेंडू भोकाकडे हळूच ढकलणं, आणि तसा एक फटका म्हणजे पट. क्लब खांद्याच्या वर नेणं बाईला शोभत नाही अशी त्या काळची समजूत, तेव्हा बायकांनी मोठे फटके मारायचे नाहीत, नुसतं पटिंग करायचं. त्यांनी त्याचंही झकास करून ठेवलं. आजही तो क्लब बायकांचाच आहे आणि थोडे पैसे भरून कुणालाही खेळता येतं. आमच्या पुढे एक आजोबा, दोन नातवंडं आणि आइस्क्रीम असा कारभार होता. माझा एक पट डोंगरावर चढला, वर थबकला, विचार केला आणि परत माझ्या पायाशी आला. भाऊ म्हणाला, "ताई, एव्हरेस्टवरून असंच परत येतात."

शेजारची ती प्रसिद्ध राखाडी दगडी इमारत, रॉयल अँड एन्शंट क्लबची. १७५४ साली बावीस जणांनी स्थापलेला हा क्लब. त्याचं दार बायकांसाठी उघडलं २०१४ साली. हिमालयातून ती इमारत स्पष्ट दिसते, आणि मधलं अंतर पायी दोन-तीन मिनिटांचं आहे. दोनशे साठ वर्षं लागली.

रविवार

या एका दिवसासाठी पुन्हा यायला मी तयार आहे.

ज्या जमिनीवर चेंडू ठेवायला जगभरातली माणसं वर्षवर्ष वाट बघतात, ती दर रविवारी, मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर, गावाला मोकळी असते. आम्ही नऊ वाजता पोचलो तर अठराव्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, एक बाई बाबागाडी ढकलत होती. दोन लॅब्रेडोर पहिल्या फेअरवेवर एकमेकांच्या मागे लागले होते. स्विल्कन ओढ्यावरचा तो छोटा दगडी पूल सुमारे सातशे वर्षांपूर्वी गुरं-मेंढ्यांना ओढा ओलांडता यावा म्हणून बांधलेला, असं सांगतात. फोटोसाठी तिथे रांग लागली होती आणि रांगेतल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात कधी क्लब हातात धरला नसावा.

मी भावाला म्हटलं, "अरे, हे तर आपलं गायरान झालं."

तसंच आहे ते. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची उंचसखल पट्टी म्हणजे लिंक्स. नांगर चालत नाही, पीक येत नाही, गवत मात्र चिवट आणि आखूड. म्हणून ती कुणा एकाची नव्हती. गावाने मेंढरं चारली, ससे धरले, कपडे वाळत घातले आणि चेंडू मारले. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे दाटीवाटीने बसत, तिथलं गवत झिजून वाळू उघडी पडली. त्यातून बंकर, म्हणजे कोर्सवरचे वाळूचे खड्डे, झाले असं म्हणतात. १५५२ साली इथल्या आर्चबिशपने सशांसाठी गावाची संमती घेतली, तेव्हा त्याच कागदात गावकऱ्यांचा इथे गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य केला. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १४५७ला, स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली होती. पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारत बसतात म्हणून. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरून ती किती पाळली गेली ते समजावं.

नंतर जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही गावात होतं तसंच. नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने १७९७ साली जमीन विकली. ती व्यापाऱ्यांच्या हातात गेली, त्यांनी ससे पाळले. सशांनी बिळं केली, चेंडू बिळांत जायला लागले, आणि गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असा वीस-एक वर्षं तंटा चालला, कोर्टकचेऱ्यांसकट. शेवटी १८२१ला चीप नावाच्या जमीनदाराने जागा घेतली. तो स्वतः गोल्फ खेळायचा, म्हणून खेळ वाचला. १८९४ला कायदा करून गावाने जमीन परत मिळवली. आजही कोर्स त्या दगडी इमारतीतल्या क्लबच्या मालकीचा नाही. सार्वजनिक आहे, एक ट्रस्ट तो चालवतो. माझी समजूत पार उलटी होती.

कपडे वाळत घालण्याचं मी गमतीने लिहिलेलं नाही. १८५१च्या नियमांत एक कलम होतं : चेंडू कपड्यांवर पडला तर कपडे खालून ओढून काढावेत, आणि धुण्याचं टब जवळ असलं तर ते बाजूला करावं. गोल्फच्या नियमांत धुणं! मी त्या ओढ्याच्या काठावर बराच वेळ बसले. पाणी बेताचंच, काठ बांधून काढलेले. इथे बायका धुणं आपटत असतील आणि पलीकडून कुणी साहेब ओरडत असेल.

उन्हात गॉर्सची पिवळी झुडपं फुलली होती. त्यांना नारळासारखा वास येतो आणि काटे बाभळीसारखे. दुपारी मंगळवारसाठी बॅलट भरला. संध्याकाळी तळलेला हॅडॉक मासा खाताना भावाचा फोन वाजला. तो काही बोलला नाही, फोन माझ्यासमोर धरला. मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. आमची दोघांची नावं. माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, पण म्हाडाने तर तेही कधी छापलं नाही.

सोमवार

समुद्रावरून येणाऱ्या दाट गार धुक्याला या किनाऱ्यावर 'हार' म्हणतात. खेळायच्या आदल्या दिवशीच हार. बाल्गोव नावाच्या छोट्या कोर्सवर भाड्याच्या क्लबांनी सराव करायचा बेत होता. पन्नास पावलांवरचा झेंडा दिसेना. पिशवीचा पत्ता नव्हताच. विमान कंपनी आता 'शोध सुरू आहे' म्हणत होती. नवे बूट घ्यावे लागले.

मग गोल्फच्या संग्रहालयात गेलो. १८४८च्या आसपासपर्यंत चेंडू पिसांचे असत : बैलाच्या कातड्याच्या पिशवीत टोपीभर उकडलेली हंसाची पिसं दाबून भरायची. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार करी, म्हणून तो चेंडू महाग. मग गटापर्चाचा, म्हणजे एका झाडाच्या वाळलेल्या चिकाचा, स्वस्त चेंडू आला. त्याची दंतकथा आपल्या कामाची आहे. सेंट अँड्र्यूजच्या एका पॅटरसनकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती गटापर्चात गुंडाळलेली. मूर्तीचं काय झालं कोण जाणे. पॅटरसनने वेष्टन तापवून त्याचा गोळा केला. खरं-खोटं देवाला माहीत, आणि तो देव विष्णू.

दुपारनंतर पडक्या कॅथेड्रलच्या दफनभूमीत गेलो. धुक्यात थडगी एकेक करून समोर येत होती. टॉम मॉरिस बाप-लेकांची थडगी तिथे आहेत. थोरला टॉम याच गावचा, चार वेळा ओपन जिंकलेला, ओल्ड कोर्सची राखण करणारा. कोर्सला रविवारची सुट्टी हवीच, असं तो म्हणे. धाकटा टॉमी त्याच्याहून सरस : १८६८, ६९, ७० अशी लागोपाठ तीन वर्षं तो जिंकला, तेव्हा बक्षिसाचा पट्टा कायमचा त्याचा झाला. द्यायला काही उरलं नाही म्हणून १८७१ला स्पर्धाच झाली नाही. १८७२ला पुन्हा तोच. १८७५च्या सप्टेंबरात बाप-लेक खाडीपलीकडे नॉर्थ बेरिकला सामना खेळत असताना तार आली, टॉमीची बायको बाळंतपणात अडली आहे. दोघं होडीने निघाले. पोचेपर्यंत बाळही गेलं होतं आणि बाळंतीणही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉमी गेला, चोविसाव्या वर्षी. भिंतीत त्याची मूर्ती कोरली आहे : डोक्यावर टोपी, अंगात कोट, वाकून चेंडूवर नेम धरलेला. पायाशी कुणीतरी दोन चेंडू ठेवले होते. एकावर पाण्याचे थेंब होते. थोरला टॉम पुढे १९०८ पर्यंत जगला, याच गल्ल्यांतून रोज मैदानावर जात राहिला.

भाऊ म्हणाला, "चल ताई, गारठलीस."

मंगळवार

हार विरली होती, वारा आला होता. कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा आणि वाट दाखवणारा, साठीच्या पुढचा, गावातलाच, बोलायला कमी. मी म्हटलं, मी चोपन्न वर्षांची आहे, हँडिकॅप एकतीस, क्लब भाड्याचे. तो म्हणाला, "पोरी, चेंडूला यातलं काहीच माहीत नाही."

पहिल्या टीच्या, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेच्या, मागे क्लबची इमारत, शेजारी रस्ता, आणि कठड्याला टेकून उभी असलेली रिकामटेकडी माणसं. स्टार्टरने नाव पुकारलं, चुकीच्या स्पेलिंगबरहुकूम. समोरची फेअरवेची हिरवळ पहिल्या आणि अठराव्या होलची मिळून एकच, जगातली सगळ्यात रुंद म्हणावी अशी. चुकवायची म्हटलं तरी अवघड. मी चेंडूच्या डोक्यावर मारलं. तो जमिनीवरून सरपटत गेला, आणि इथली जमीन एवढी टणक, की गेला तो गेलाच. कोर्समधून आडवा एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. तिथे एक सायकलवाला माझ्यासाठी थांबला होता. चेंडू त्याच्या अलीकडेच थांबला. त्याने हात वर केला आणि गेला. कठड्यावर कुणीतरी टाळी वाजवली. मला ती लागली नाही.

पुण्यात आम्हाला चेंडू उंच मारायला शिकवतात. इथे उंच गेलेला चेंडू वाऱ्याचा. टप्पा पाडायचा आणि पळवायचा. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीच्या, तीस पावलं बाहेरून मी चेंडू उंच उडवणारा सँड वेज मागितला तर कॅडीने पटिंगचा पटरच हातात दिला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. पाचव्या होलपर्यंत मला मागावं लागायचं बंद झालं. एकदा ती चाल पायाला कळली की मजा आहे. चेंडू उंचवट्याला वळसा घालतो, खळग्यात दिसेनासा होतो, नको तिथून बाहेर येतो. पुढे काय आहे ते बहुतेक वेळा दिसतच नाही. "त्या मनोऱ्याकडे मार." "मनोऱ्याच्या अलीकडे काय आहे?" "ते माहीत नसलेलं बरं." एकूण बंकर एकशे बारा.

चौदा होलांच्या सात जोड्या एकेका ग्रीनवर, आणि जोडीतल्या आकड्यांची बेरीज दर वेळी अठरा : दुसरा-सोळावा, पाचवा-तेरावा, असं. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. पाचव्याला मी ग्रीनवर पोचले म्हणून खूश झाले, तर माझा झेंडा साठ पावलांवर आणि मध्ये दरी. चार पट लागले. नवव्याला, कोर्सच्या शेंड्यावर, नाशिकचा चिवडा काढला. कॅडीने चिमूटभर तोंडात टाकला, थोडा वेळ काही बोलला नाही, मग पाण्याची बाटली मागितली. दहाव्याच्या टीवर पुन्हा हात पुढे केला.

अकराव्याला अमेरिकेचा नामवंत खेळाडू बॉबी जोन्स १९२१ साली बंकरमध्ये अडकला आणि त्याने स्पर्धाच सोडून दिली. एकोणिसाव्या वर्षीचा राग. तोच पुढे इथे जिंकला आणि १९५८ला गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. मी अकराव्याला चारच मारले. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

चौदाव्याचा हेल बंकर नावाप्रमाणेच. खाली उतरल्यावर समोर माझ्या डोक्यापेक्षा उंच गवती भिंत आणि आभाळ, बाकी जग नाही. १९९५च्या ओपनमध्ये अमेरिकेच्या दिग्गज जॅक निकलॉसला इथून निघायला चार फटके लागले, होलला दहा झाले. कॅडीने वरून सांगितलं, "मागे मार." मागे? होलच्या उलट्या दिशेने? मी हट्टाने एकदा पुढे मारून बघितलं. चेंडू भिंतीला लागून पायाशी. मग मागे मारला. दोन फटक्यांत बाहेर, म्हणजे निकलॉसच्या निम्म्यात, असं भावाने ताबडतोब जाहीर केलं.

सतरावा. टीसमोर आडव्या शेडी, पूर्वीच्या रेल्वेच्या शेडींच्या जागी, आणि त्यांच्यावरून आंधळा फटका मारायचा. भावाने मारला. टण् असा आवाज आला, शेजारच्या हॉटेलच्या बाजूने. आम्ही तिघंही न बोलता जरा थांबलो. काच फुटल्याचा आवाज मात्र नव्हता. मी डावीकडून सावकाश गेले. ग्रीनच्या पोटात तो रोड बंकर. १९७८ला जपानचा नाकाजिमा ग्रीनवर पोचला होता, त्याचा पट घरंगळून त्यात गेला, बाहेर यायला चार लागले, होलला नऊ झाले. मी त्याच्यापासून एवढी लांब राहिले की चेंडू ग्रीन ओलांडून मागच्या डांबरी रस्त्यावर गेला. रस्ता कोर्सचाच भाग, पडला तसा खेळायचा. मागे दगडी भिंत, भिंतीपलीकडून एक कुत्रं बघतंय, आणि मी डांबरावरून पट मारतेय. चेंडू रस्त्यावर खडखडत गेला, चढ चढला आणि ग्रीनवर राहिला. कॅडी पहिल्यांदा हसला.

साडेआठ वाजले होते आणि ऊन अजून गावाच्या भिंतींवर होतं. पुलावर मी थांबले नाही. मागे चौघं वाट बघत होते. अठराव्या ग्रीनच्या अलीकडे 'व्हॅली ऑफ सिन' हा खळगा. माझा चेंडू त्यात गेलाच. पटरने वर पाठवला, तो झेंड्यापासून हातभर लांब थांबला, पुढच्याला पडला. एकूण फटके एकशे नऊ. कठड्यापाशी अजून माणसं होती. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, कुठून आलात? मी नाशिक म्हटलं. तिने मान डोलवली, जणू परवाच जाऊन आली होती.

बुधवार

बसने लूकर्स, गाडीने पूल, दुपारी भावाचं घर. जिन्यात, दाराला टेकून, माझी पिशवी उभी होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, तीन देशांची लेबलं लावलेली. मी तिथेच बसून ती सोडली. सगळे क्लब होते. बुटांच्या खाचांत येरवड्याची वाळलेली काळी माती होती. भावाने वरून विचारलं, "आतला चिवडा शाबूत आहे का?"